बांधाच्या आत, बांधाच्या बाहेर : सुंदरबनातला आठवडा

सोमवार : घोडामारा

काकद्वीपजवळच्या लॉट नंबर ८ च्या धक्क्यावरून बोट कधी सुटणार, हे मुरीगंगा नदी ठरवते. ओहोटीला पात्रात एवढा गाळ उघडा पडतो की मोठ्या बोटींना भरतीची वाट बघत थांबावं लागतं. सियालदहहून पहाटेची नामखाना लोकल पकडून आम्ही आलो होतो. बरोबर कोलकात्याची मैत्रीण होती. तिच्या बंगालीमुळेच या आठवड्यात लोकांशी नीट बोलता आलं.

आम्हाला आधी जायचं होतं घोडामारा बेटावर. तिकडे लाकडी ट्रॉलर जातो. पाण्याच्या टाक्या, गॅसचे सिलिंडर, कोंबड्या, शाळेचे मास्तर, सगळं एकाच फळीवर. बेट जवळ आलं तसा किनारा दिसला. वाळू कुठेच नव्हती. मातीची उभी कापलेली भिंत होती आणि तिच्यातून नारळाची मुळं बाहेर लोंबत होती. बरीच झाडं आधीच पाण्यात आडवी झालेली.

१९७० च्या दशकात हे बेट साधारण साडेआठ चौरस किलोमीटर होतं. २०१२ पर्यंत ते जवळपास निम्म्यावर आलं, आणि त्यानंतरही झीज थांबलेली नाही. शेजारचं लोहाचरा बेट तर माणसांच्या देखत पूर्ण गेलं. तिथले लोक १९८० च्या दशकापासून सागर बेटावर हलत गेले.

बेटावर पानमळे आहेत. बांबू आणि गवताच्या आडोशात वाढवलेली विड्याची पानं हे इथलं मुख्य उत्पन्न. एका मळ्याच्या कडेला आम्ही थांबलो. मळ्याचे मालक साठीचे असावेत. त्यांनी कडेपासून आत पावलं मोजत आम्हाला नेलं आणि एका बांबूला हात लावून म्हणाले, "दीदी, बाबांचा मळा इथून सुरू व्हायचा नाही, तिकडे संपायचा." तिकडे म्हणजे नदीत. बोटाने त्यांनी दाखवलेल्या जागी एक कोळशाचं जहाज हल्दियाकडे चाललं होतं. त्यांच्या मते जहाजांच्या लाटांनी आणि बंदराकडच्या प्रवाहात माणसाने केलेल्या फेरफारांनी बेट खाल्लं. अभ्यासक त्यात आणखी कारणं जोडतात. समुद्राची पातळी वाढते आहे, त्रिभुज प्रदेशाची जमीन स्वतःच्या भाराने खचते आहे, वरच्या धरणांमुळे नद्यांचा गाळ खाली पुरेसा येत नाही आणि बंगालच्या उपसागराचं पाणी तापल्यामुळे वादळांना बळ मिळतं. पानमळेवाल्या काकांचं म्हणणं या यादीत खोटं ठरत नाही. ते या यादीतलंच एक कारण आहे.

२६ मे २०२१ ला यास वादळ आलं. वादळ जमिनीवर आलं ओडिशात, इथून बरंच लांब. पण त्या दिवशी पौर्णिमा होती आणि खग्रास चंद्रग्रहणही. उधाणाची भरती आणि वादळाने ढकललेलं पाणी एकदम आलं आणि अख्खं घोडामारा पाण्याखाली गेलं. काकांनी घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ दाखवली, माझ्या खांद्याला लागली. खाऱ्या पाण्याने पानवेल दोन दिवसांत काळी पडते. मळा पुन्हा उभा करायला कर्ज घ्यावं लागतं, आणि कर्ज फेडायला घरातला एक माणूस बाहेर जातो. त्यांचा थोरला केरळात बांधकामावर आहे, धाकटा तमिळनाडूत.

"तुम्ही का नाही जात?" असं मैत्रिणीने विचारलं. ते म्हणाले, जायचं तर पलीकडे जमीन घ्यावी लागते, ती घ्यायला ही विकावी लागते, आणि ही कोण घेणार?

हवामान आणि स्थलांतरावर बोलताना आपण निघून गेलेल्यांचे आकडे मोजतो. जायलाही ऐपत लागते हे त्यात दिसत नाही. ज्यांच्याकडे थोडं काही होतं ते घोडामारा सोडून केव्हाच गेले. जे उरले त्यांना चिवट म्हणून त्यांचं कौतुक करणं मला पटत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांकडे दुसरा रस्ताच नाही.

मंगळवार : सागर बेट

कचुबेडियाला उतरलं की सागर बेट ऐसपैस वाटतं. पक्का रस्ता, बाजार, कॉलेज, दोन लाखांवर वस्ती. मकरसंक्रांतीला लाखो यात्रेकरू येतात तेच हे गंगासागर. दक्षिण टोकाला कपिलमुनींचं मंदिर आहे. आधीची मंदिरं समुद्रात गेली असं तिथे सगळेच सांगतात, आणि आताच्या मंदिराकडेही समुद्र सरकतो आहे.

आम्हाला बघायच्या होत्या त्या वसाहती. लोहाचरा आणि घोडामाऱ्यातून आलेल्यांना सरकारने इथे जमिनी दिल्या. देशात हवामानबदलाचे विस्थापित हा शब्दप्रयोग कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हा झालेलं हे काम आहे, आणि त्याची दखल घेतली पाहिजे. पण ओळीने घरं बघत गेलं की फरक कळतो. पहिल्यांदा आलेल्यांना शेती करण्याइतकी जमीन मिळाली. नंतर येणाऱ्यांसाठी वाटायला जमीनच कमी उरली. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला घरापुरती जागा आणि एखादं तळं.

एका अंगणात आजी धान पाखडत बसल्या होत्या. लोहाचऱ्याच्या. त्यांना विचारलं तर त्या वादळाचं काही सांगेनात. त्या सांगत होत्या इथे आल्यावरच्या पहिल्या वर्षांबद्दल: जुन्या सागरवासीयांनी विहिरीवर लावलेले बोल, मुलीच्या लग्नात "ते बुडालेल्या बेटाचे" म्हणून मोडलेली बोलणी, रेशनकार्डासाठी घातलेले खेटे. जमीन गेल्याचं दुःख त्यांनी एका वाक्यात संपवलं. नव्या गावात आपलं म्हणून घेतलं जाण्याची गोष्ट मात्र संध्याकाळपर्यंत चालली.

पुनर्वसनाच्या योजनांमध्ये या गोष्टीसाठी रकाना नसतो. आपल्याकडे धुपीने जमीन गेलेल्यांचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर उशिराच मांडला गेला. पूर आणि वादळासाठी मदत होती, पण हळूहळू जाणारी जमीन ही आपत्ती धरली जात नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला वेगळा निधी सुचवला, ते पहिलं मोठं पाऊल. आंतरराष्ट्रीय कायद्याचा तर यांना आधारच नाही. १९५१ च्या निर्वासित करारात छळाच्या भीतीने देश सोडणारा माणूस आहे. समुद्र पुढे आला म्हणून गाव सोडणारा त्यात बसत नाही, आणि देशातल्या देशात हललेला तर मुळीच नाही. जगभर हवामानामुळे हलणारे बहुतेक लोक मात्र असेच, आपल्याच देशात हललेले असतात.

बुधवार : मौसुनी

नामखान्याचा पूल ओलांडून घाट, घाटावरून बोट, मग मौसुनी. पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर आता पर्यटकांचे तंबू लागलेत. दक्षिणेला बलियाडा भागात गेलो तर वेगळंच चित्र. तिथे बांध आहे, त्याच्या आत आणखी एक बांध आहे, आणि दोन्हींमध्ये कुणाच्या तरी घराचा चौथरा.

या दुसऱ्या बांधाला रिंग बांध म्हणतात. मुख्य बांध फुटला की आत सरकून नवा बांधायचा. मधली जमीन नदीला सोडायची. कागदोपत्री ती अजून मालकाच्या नावावर असते.

बांधाची गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय सुंदरबन समजत नाही. भारतातल्या सुंदरबनात १०२ बेटं, त्यातल्या ५४ बेटांवर वस्ती, सुमारे पंचेचाळीस लाख माणसं, आणि त्यांना राखणारे साडेतीन हजार किलोमीटर मातीचे बांध. इंग्रजांच्या काळात जंगल तोडून शेती वाढवायची म्हणून ही बेटं बांधांनी वेढली गेली. तेव्हा जमीन अजून घडत होती. रोजची भरती गाळ आणून तिच्यावर पसरत होती. बांध घातले आणि गाळ आत यायचा थांबला. तो नदीच्या पात्रात बसू लागला. पात्र वर आलं, जमीन होती तिथेच राहिली. आज कित्येक गावं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. काठ उंच आणि मध्य खोल अशी परात पाण्यात ठेवावी तशी ही बेटं आहेत. समुद्राची पातळी न वाढताही ती धोक्यात होती. आता पातळी वाढते आहे.

म्हणून "बांध उंच करा, काँक्रीटचे करा" ही मागणी मी पूर्ण समजू शकते, गावकऱ्यांकडे दुसरं काही मागायला नाही, पण ते पुरेल असं मला वाटत नाही. २००९ च्या २५ मे ला आलेल्या आयला वादळाने ७७८ किलोमीटर बांधांचं नुकसान केलं. त्यानंतर पक्क्या, रुंद बांधांची मोठी योजना आली. रुंद बांधाला जमीन लागते, ती संपादन करता करता योजना रखडली, आणि थोडाच भाग झाला. जिथे झाला तिथे लोकांना झोप लागते, हेही खरं. पण बांधासमोर कांदळवन नसेल तर लाट थेट भिंतीवर आपटते. मे २०२० च्या अम्फान वादळानंतर राज्य सरकारने पाच कोटी कांदळाची रोपं लावायला घेतली, त्यात रोजगार हमीवरच्या बायकांचे हात होते. मौसुनीत बांधाच्या पुढे आम्ही त्यातली काही बघितली, कमरेएवढी झालेली. जिथे गुरं शिरली किंवा गाळ सरकला तिथे नुसत्या काटक्या.

त्या बायकांपैकी एकजण आम्हाला भेटली. तिने एक साधं सांगितलं. रोपं लावायचं, बांधावर माती टाकायचं काम असायचं तोवर नवरा चार महिने तरी घरी राहायचा. मार्च २०२२ मध्ये राज्याला रोजगार हमीचा केंद्राचा निधी थांबला, काम बंद पडलं, तसा तो बाराही महिने बाहेर. निधी थांबण्यामागे दोन सरकारांची आपापली कारणं होती. तिच्या घरात त्याचा अर्थ एवढाच, की बांधाची देखभाल करणारा माणूस गावात उरला नाही.

गुरुवार

सगळा दिवस प्रवासात. नामखान्याहून परत वर, मग कॅनिंगची लोकल, तिथून रस्त्याने गदखाली आणि होडीने गोसाबा. मुंगीच्या पावलांनी चालणारी कॅनिंगकडची लोकल रिकामी होती. समोरून येणारी मात्र दारापर्यंत भरलेली. पहाटे कोलकात्यात घरकामाला गेलेल्या बायका परतीला लागल्या होत्या असं मी समजले, पण मैत्रीण म्हणाली, या तर आता निघाल्यात, दुपारच्या पाळीच्या. रोज सकाळ-संध्याकाळ होणारं हे जाणं-येणं कुठल्याच स्थलांतराच्या आकड्यात येत नाही.

शुक्रवार : गोसाबा, रांगाबेलिया

गोसाब्यात डॅनियल हॅमिल्टनचा लाकडी बंगला अजून उभा आहे. या स्कॉटिश व्यापाऱ्याने १९०३ मध्ये इथली बेटं घेतली, सहकारी पतपेढी, धान्याचं भांडार, शाळा काढल्या, स्वतःची एक रुपयाची नोटही छापली. १९३२ मध्ये रवींद्रनाथ त्याचं काम बघायला आले होते. शेती करायला माणसं त्याने बाहेरून आणली. मेदिनीपूरचे शेतकरी आले, छोटा नागपूरचे आदिवासी आले, पुढे पूर्व बंगालचे निर्वासित आले. इथे ज्याला विचाराल त्याचा आजा-पणजा कुठून तरी आलेला आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोक जमिनीसाठी इथे आले. आज त्यांची नातवंडं मजुरीसाठी इथून निघतात.

शेजारच्या रांगाबेलियात १९६७ मध्ये तुषार कांजीलाल नावाचे मुख्याध्यापक आले. शाळेतली मुलं भुकेने पेंगतात हे बघून ते शेतीकडे वळले. पावसाचं गोडं पाणी तळ्यांत साठवायचं आणि भातानंतर दुसरं पीक घ्यायचं, बायकांना हाताला काम द्यायचं, असं ते काम वाढत गेलं. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या संस्थेच्या शिवारात फिरताना ते साधं तत्त्व डोळ्यांसमोर दिसतं. जिथे तळं खोल आहे आणि कडेला भाजीचे वाफे आहेत, त्या घरात फेब्रुवारीतही पुरुष दिसतात. तळं नाही तिथे जमीन पांढरी पडलेली, मिठाची साय आल्यासारखी, आणि घराला बहुधा कुलूप किंवा म्हातारी माणसं.

आयलानंतर खारं पाणी शेतात साचलं आणि दोन-तीन वर्षं भात नीट आला नाही. जास्त उत्पन्न देणारी नवी वाणं खारटपणापुढे उभीच राहिली नाहीत. तेव्हा लोकांना जुनी आठवली: नोना बोकरा, तालमुगुर, मातला. पण बियाणं कुणाकडे? हरितक्रांतीत ते घराघरांतून गेलं होतं. देशी भात जपणारे देबल देब यांच्यासारख्या मोजक्या लोकांकडे ते टिकलं होतं, त्यांनी ते काही शेतकऱ्यांना दिलं. आम्हाला एका शेतकऱ्याने मडक्यातलं बी दाखवलं. जाडसर, तांबूस, कुसळाचं. खालच्या खाचरात हे आणि वरच्या खाचरात नवं वाण, अशी त्याची वाटणी. वादळ आलं तरी निदान घरापुरतं पिकतं.

शाश्वत विकास म्हटलं की मोठमोठे शब्द येतात. इथे त्याचा अर्थ एक खोल तळं, मडकंभर बी आणि वेळेवर मिळणारं बांधाचं काम. या तिन्हींवर खर्च कमी आणि फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही, म्हणूनच बहुधा ते मागे पडतं.

शनिवार : सातजेलिया

आजचा दिवस नदीकाठी गेला, आणि एकाच बाईबरोबर.

ओहोटी लागली तशी ती पाण्यात उतरली. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. निळ्या मच्छरदाणीच्या जाळीची चौकट कमरेला दोरीने बांधून ती किनाऱ्याला समांतर ओढत चालायची. दर थोड्या वेळाने वर यायची, जाळी पांढऱ्या थाळीत झटकायची, आणि शिंपल्याच्या कडेने एकेक बारीक पिल्लू बाजूला घ्यायची. हे वाघ कोळंबीचं बी, इथे त्याला मीन म्हणतात. नख कापल्यावर जी कोर पडते तेवढं, पारदर्शक, दोन काळे ठिपके डोळ्यांचे. बाकी सगळं, इतर माशांची हजारो पिल्लं, ती गाळावर टाकून द्यायची. व्यापारी नगावर पैसे देतो, म्हणून मोजणी चोख. ओठ हलताना दिसत होते, मध्येच कुणी बोललं तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

तिचा नवरा आधी खेकडे धरायला जंगलाच्या खाडीत जायचा. वाघाने शेजाऱ्याला नेल्यावर तिनेच त्याला तिकडे जाऊ दिलं नाही. परवान्याशिवाय गेलेला माणूस मेला तर घरच्यांना भरपाई मिळणंही मुश्कील. तेव्हा तो आंध्रात भातलावणीला गेला, मग चेन्नईला. ती खाऱ्या पाण्यात रोज सहा तास. अंगावर चट्टे उठलेत, पोटात दुखतं. नदीत मगर आहे, शार्क आहे. या बी गोळा करण्याने मासे कमी होतात हे तिलाही ठाऊक आहे. तिने स्वतःच सांगितलं, पूर्वी याच जागी टोपलीभर भेटकी मासा मिळायचा.

मागचं सगळं इथे एकत्र येतं असं मला वाटलं. जमीन खारवली म्हणून नवरा गेला. तो गेला म्हणून घर, शेत, म्हातारी सासू आणि बांध फुटल्यावर मुलांना उचलून पळणं हे सगळं तिच्यावर आलं. आणि पोट भरायला ती जे करते त्याने नदी आणखी रिकामी होते. तिला "पर्यावरणाची हानी करू नका" असं सांगणारा फलक घाटावर आहे. तिच्या हाताला दुसरं काय काम द्यायचं, हे त्यावर लिहिलेलं नाही.

रविवार : शालीमार

हावड्याजवळच्या शालीमार स्थानकातून दक्षिणेकडच्या गाड्या सुटतात. कोरोमंडल एक्स्प्रेस इथूनच निघते. २ जून २०२३ ला बालासोरजवळ तिला अपघात झाला, तीन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि २९० हून जास्त माणसं गेली. त्यांत दक्षिण २४ परगण्यातले, बासंती-गोसाब्याकडचे अनेक मजूर होते. त्या आठवड्यात पहिल्यांदा वर्तमानपत्रांनी विचारलं, की एवढी माणसं एकाच भागातून कुठे निघाली होती.

जागतिक बँकेच्या २०२१ च्या ग्राउंडस्वेल अहवालात अंदाज आहे की हवामानबदलामुळे २०५० पर्यंत सहा प्रदेशांत मिळून २१.६ कोटी लोक आपापल्या देशात हलू शकतात, त्यातले सुमारे चार कोटी दक्षिण आशियात. त्याच अहवालात पुढे म्हटलंय की उत्सर्जन लवकर कमी केलं आणि विकास सर्वांना धरून झाला तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. पहिला आकडा सगळीकडे छापला जातो, दुसरा फारसा नाही.

फलाटावर सुंदरबनातल्या कुमीरमारीचा एक मुलगा भेटला, विशीतला. एर्नाकुलमला चाललेला, फरशी बसवण्याच्या कामाला. तो तिथे चौथ्यांदा जात होता. केरळचं त्याला बरं वाटतं. तिथल्या सरकारने बाहेरच्या मजुरांसाठी आवाज नावाची विमा योजना २०१७ मध्ये काढली, त्याचं कार्ड त्याच्या पाकिटात होतं. ते त्याने काढून दाखवलं, पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. आजारी पडला तर इस्पितळ आहे, ठेकेदाराने पैसे बुडवले तर तक्रार करायला जागा आहे, असं तो सांगत होता. आधी ज्या राज्यात होता तिथे काय व्हायचं, ते त्याने सांगितलं नाही.

पाठवलेल्या पैशांतून गेल्या वर्षी घराचा चौथरा तीन फूट वर घेतला. यंदा तळं खोल करायचं, मेच्या आत. वडील म्हणतात खालच्या खाचरात नोना बोकरा लावू, याचं म्हणणं पडलं अर्धं-अर्धं. म्हणजे तो गाव सोडून चालला नव्हता. गावात राहता यावं म्हणून चालला होता, आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. हवामानाने हलवलेला माणूस म्हणून त्याची नोंद करायची की गाव सावरणारा माणूस म्हणून, हे ज्यांनी धोरणं लिहायची त्यांनी त्याच्याशी बोलून ठरवावं.

लावणीला जुलैत परत यायचं म्हणतो. ठेकेदाराने सुट्टी नाही दिली तर? "तर काम सोडायचं, ऑगस्टमध्ये दुसरा ठेकेदार." मग त्याने मैत्रिणीला विचारलं, बहीण बारावीला आहे, कोलकात्यात नर्सिंगला घालायची तर अर्ज कधी निघतात. तिने माहिती सांगितली, नंबर दिला. जनरलच्या डब्याची रांग पुढे सरकू लागली तेव्हा तो बॅग उचलून रांगेत गेला.